चाकी फिरत होती ना?

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. हल्ली कॅमेरा म्हटले की तुम्ही खिशातून फोन काढता, म्हणून आधीच सांगतो, मी तो नव्हे. माझ्यावर गाणी वाजत नाहीत आणि काढलेला फोटो मला तिथल्या तिथे दाखवता येत नाही. मी फक्त बघतो आणि पोटात ठेवतो. पोटातले बाहेर यायला कधी चार दिवस लागत, कधी महिना. एकदा मात्र वर्ष लागले. त्या वर्षाची गोष्ट मी सांगणार आहे. ती ऐकून तुम्हाला बरे वाटेल असे मुळीच नाही, पण सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. लांबच लांब टेबले आणि त्यांच्यामागे पांढरे कोट घालून बसलेल्या बायका. एकीने माझी भिंगे पुसली, दुसरीने स्क्रू पिळले. सगळ्यांत शेवटी एक प्रौढ बाई होती. तिचे काम एकच. प्रत्येक कॅमेरा कानाशी धरायचा, बटण दाबायचे आणि खटका ऐकायचा. आवाज आवडला नाही की ती तो कॅमेरा बाजूला ठेवी. मला तिने दोनदा ऐकले आणि पुढे सरकवले. आपल्यात खोट नाही हे मला तेव्हाच कळले. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला ज्यांनी विकत घेतले त्यांचा फोटो स्टुडिओ होता. चष्म्याचे दुकान आणि चपला दुरुस्त करणारा यांच्या मधली एक अरुंद खोली. दाराशी आरसा, आरशाला दोरीने बांधलेला कंगवा, कारण मोकळे ठेवलेले कंगवे गिऱ्हाईक खिशात घालून नेत. आत फिरते स्टूल, मागे राखाडी पडदा आणि पडद्यापलीकडे फोटो धुण्याची अंधारी खोली. माझे मालक दिवसभर लोकांच्या ओळखपत्रांचे फोटो काढत. "हनुवटी खाली. डोळे उघडे. हलू नका." ही तीन वाक्ये त्यांनी इतक्या वेळा उच्चारली होती की झोपेतही म्हणत असावेत. त्या कामासाठी स्टँडवरचा एक मोठा कॅमेरा होता. तो माझ्याशी कधी बोलला नाही. मला मालकांनी स्वतःच्या आवडीसाठी घेतले होते.

त्यांची आवड म्हणजे डोंगरातले तळे. रविवारी दुकानाला कुलूप लागे आणि पहाटेच्या पहिल्या बसने आम्ही निघत असू. शेवटच्या थांब्यावर उतरायचे, लाकडी फाटक ओलांडायचे आणि चढायला लागायचे. आधी उंच झाडांची सावली, मग ओढ्यावर आडवा टाकलेला ओंडका, मग नुसते दगड. तीन तासांनी खिंड येई आणि खिंडीतून खाली बघितले की तळे दिसे. सकाळी वारा नसला की समोरचा बर्फाचा डोंगर त्यात उलटा उभा राही. अकराच्या सुमारास वारा सुटे आणि तो डोंगर विस्कटून जाई. म्हणून सगळी धावपळ अकराच्या आत पोहोचण्यासाठी असे.

'आम्ही' म्हणजे मालक, मी आणि त्यांची बायको. दुकानात येणारे सगळे त्यांना वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो. वहिनींच्या एका खांद्यावर चहाचा थर्मास आणि दुसऱ्यावर माझी तिपाई. चढताना त्या इतक्या बोलत की दम मालकांना लागे.

मालकांचा एक नियम होता. तळ्याच्या फोटोत माणूस नको. ना गुराखी, ना सहलीला आलेले लोक, ना कुणाची पिशवी. "सहा दिवस माणसांचीच तोंडं बघतो," ते म्हणत, "सातव्या दिवशी तरी डोंगराचं बघू द्या." त्यामुळे तिपाई रोवली, मला वर बसवले, डोळा लावला की त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असे.

"अगं, जरा बाजूला हो. मध्ये येतेस."

"मी कुठं मध्ये येते? मध्ये तर तुमचा डोंगर येतो," वहिनी म्हणत आणि हसत हसत माझ्या डाव्या बाजूला येऊन उभ्या राहत.

ती डावी बाजू त्यांची कायमची जागा होती, आणि ती का होती हे नीट सांगायला हवे.

माझ्या पाठीचे झाकण उघडले की डावीकडे एक खोबण दिसते. तिथे रोलची डबी बसते. डबीतून बाहेर आलेले फिल्मचे टोक ओढायचे, उजवीकडच्या दांडीच्या फटीत खोचायचे आणि झाकण लावायचे. मग लिव्हर ओढली की फिल्म एक घर पुढे सरकते. पण ती खरोखर सरकते आहे की नाही, हे झाकण लावल्यावर दिसत नाही. ओळखायची खूण एकच. माझ्या डोक्यावर डावीकडे एक लहानशी चाकी आहे. फिल्म सरकत असेल तर लिव्हर ओढताना ती आपोआप फिरते. टोक फटीतून निसटले असेल तर चाकी ढिम्म उभी राहते. उजवीकडचा आकडा मात्र एक, दोन, तीन असा वाढतच जातो, कारण तो फिल्म मोजत नाही, लिव्हरचे ओढणे मोजतो. म्हणजे मी चक्क खोटे बोलतो. काय करू, मला घडवलेच तसे आहे.

पहिल्याच वर्षी एकदा असे झाले होते. मालकांचा अख्खा रविवार पाण्यात गेला. तीन दिवस ते घरात कुणाशी धड बोलले नाहीत. चौथ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "तुमचा डोळा असतो भिंगात. चाकीकडे बघणार कोण? पुढच्या रविवारपासून ते काम माझं."

तेव्हापासून मालक लिव्हर ओढत आणि डावीकडून वहिनींचा आवाज येई, "फिरतेय." पुन्हा लिव्हर, पुन्हा "फिरतेय." पुढे पुढे ती सवयच झाली. पहिल्या दोन-तीन ओढींना बघितले की पुरे असते, पण एका रोलमध्ये छत्तीस फोटो असत आणि वहिनी छत्तीसच्या छत्तीस वेळा म्हणत. बावीस वर्षे त्यांनी ते डोळ्यांत तेल घालून केले, आणि त्या काळात आमचा एकही रोल फुकट गेला नाही.

त्या बावीस वर्षांत माझे फार कौतुक झाले. आमच्या तळ्याचे फोटो दिनदर्शिकेवर छापून आले. एका स्पर्धेत बक्षीस मिळाले. गावातल्या मोठ्या हॉस्पिटलने एक फोटो दाराएवढा मोठा करून घेतला आणि वॉर्डाबाहेरच्या भिंतीवर लावला. लोक थबकून म्हणत, "वा! काय शांत आहे. चिटपाखरू नाही." मालक मान डोलावत. मीसुद्धा फुगत असे. तेव्हा शेफारलो होतो, हे आज कबूल करतो.

वहिनींनी त्या काळात एकदाच मागितले. चहा ओतताना सहज म्हणाल्या, "माझा एक काढा की इथं."

"पुढच्या वेळी," मालक म्हणाले. "आज उजेड डोंगराला बरा आहे."

त्या हसल्या आणि थर्मासचे झाकण लावले. पुढच्या वेळी त्यांनी विचारले नाही आणि मालकांना आठवले नाही. असा माणूस क्रूर असतो का? नाही हो. वहिनींना ठेच लागली तर ते आपला रुमाल फाडून देत. बायको रोजच समोर आहे, तिचा फोटो कशाला, असे त्यांना वाटे. डोंगरसुद्धा रोजच तिथे होता, हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

मग वहिनी आजारी पडल्या. चढताना त्यांचे बोलणे आधी कमी झाले, मग थांबले. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि त्यांची मुलगी, जी शिकायला दुसऱ्या शहरात होती, ती घाईघाईने येऊन गेली. डॉक्टरांनी डोंगर बंद सांगितला होता. एका शनिवारी वहिनींनी तिपाई पुसून दाराशी ठेवली.

"अगं, वेडी की काय तू?" मालक म्हणाले.

"एकदाच. मग तुम्ही म्हणाल तसं," त्या म्हणाल्या.

आम्ही गेलो. तीन तासांच्या वाटेला पाच तास लागले. खिंडीत पोहोचलो तेव्हा अकरा केव्हाच वाजून गेले होते आणि वारा सुटला होता. तळ्यात डोंगर नव्हता, नुसत्या सुरकुत्या होत्या. तिपाई त्या दिवशी मालकांनीच उचलली होती. वहिनी हळूहळू पाण्याकाठच्या एका सपाट खडकावर जाऊन बसल्या आणि त्यांनी पाय पाण्यात सोडले. मालकांनी मला तिपाईवर बसवले, डोळा लावला, आणि चौकटीच्या बरोबर मधोमध वहिनी होत्या.

"अगं, जरा..." ते म्हणाले आणि थांबले.

"सरकू का?" वहिनींनी मान वळवून विचारले.

"नको. तिथंच थांब."

"अहो, तुमचा डोंगर झाकला जाईल."

"जाऊ दे डोंगर."

माझ्या पोटात रोल नव्हता. मालकांनी पिशवीतून नवा काढला. वारा बोचरा होता आणि त्यांची बोटे आखडली होती. हजारो अनोळखी चेहरे काढलेला तो माणूस स्वतःच्या बायकोचा फोटो काढताना एखाद्या शिकाऊसारखा घाबरला होता. त्यांनी फिल्मचे टोक फटीत कसेबसे खोचले, झाकण लावले आणि लिव्हर ओढली.

पहिल्याच ओढीला टोक निसटले.

मला कळले. पोटातली गोष्ट पोटाला नाही कळणार तर कुणाला कळणार? कुणीतरी डावीकडून चाकीकडे पाहण्याची मी वाट बघत राहिलो. माझ्या डोक्यावरची चाकी जागची हलत नव्हती. जवळून कुणी नुसती नजर टाकली असती तरी दिसले असते. पण डावी बाजू त्या दिवशी मोकळी होती.

"हनुवटी खाली घेऊ? डोळे उघडे ठेवू?" वहिनींनी खडकावरून विचारले.

"काही करू नकोस. आहेस तशी बस."

त्या आहेत तशा बसल्या. मी सगळे पाहिले. वाऱ्याने उडालेले केस दातांत पिन धरून बांधताना पाहिले. पावाचा तुकडा माशांना टाकताना आणि मासे आले नाहीत म्हणून त्यांना रागावताना पाहिले. थर्मासचे झाकण तोंडाशी धरून हसताना पाहिले, तेव्हा चहा त्यांच्या नाकात गेला आणि त्या आणखीच हसल्या. एकदा त्या काहीच न करता सरळ माझ्याकडे बघत राहिल्या. म्हणजे माझ्यामागे असलेल्या मालकांकडे. माझ्या सबंध आयुष्यात माझ्या भिंगातून इतके चांगले काही आत आले नव्हते. पण मित्रांनो, पाहणे वेगळे आणि ठेवणे वेगळे. आत आलेला तो सगळा उजेड डबीबाहेरच्या त्याच एका वीतभर तुकड्यावर पुन्हा पुन्हा पडत होता, आणि तो तुकडा तर झाकण लावण्याआधीच उजेड लागून वाया गेलेला होता.

आकडा एकतिसावर आला तेव्हा ढग आले. "पाच राहिलेत," मालक म्हणाले. "घरी काढू. खिडकीत, तुझ्या खुर्चीवर." उतरताना ओंडक्यापासून पुढे त्यांनी वहिनींना पाठीवर घेतले.

घरच्या खुर्चीवर वहिनी पुन्हा बसल्याच नाहीत. दोन दिवसांनी त्यांना हॉस्पिटलात नेले. खाट अशी मिळाली की दारातून तो वॉर्डाबाहेरचा तळ्याचा मोठा फोटो दिसे. त्या नर्सला म्हणत, "बघा सिस्टर, या फोटोत मी डावीकडे उभी आहे. दिसत नाही एवढंच."

मालक मला रोज पिशवीतून घेऊन जात. मुलगी आता तिथेच असे. वहिनी तिला पुन्हा पुन्हा सांगत, "तुझ्या बाबांनी माझे एकतीस काढले. एकतीस! लग्नाच्या दिवशीसुद्धा माझ्याकडे इतकं बघितलं नव्हतं." सांगताना त्या इतक्या खुश होत की मुलगी तोंड फिरवून डोळे पुसे.

"मग दाखवा की," त्या मालकांना म्हणत.

आता मालकांची आणखी एक सवय सांगतो. अर्धा रोल ते कधीच धूत नसत. उरलेली घरे वाया घालवणे त्यांच्या हातून होत नसे. ते म्हणत, "पाच उरलेत. तू घरी ये, पाच काढू, मग एकदमच धुतो." मला वाटे ओरडावे. अहो, आज काढा रोल बाहेर! आज कळेल. आज वहिनी आहेत, खिडकीतून उजेड येतो आहे, त्या अजून हसतात. नवा रोल भरा आणि इथेच काढा! पण मला आवाज म्हणजे एक खटका. तोही कुणी बटण दाबले तर.

एका दुपारी वहिनींना झोपेतून जाग आली. मालक खाटेच्या डावीकडे स्टुलावर बसले होते. त्या म्हणाल्या, "अहो, त्या दिवशी मी समोर होते. चाकी फिरत होती ना?"

मालकांचा चेहरा मी पिशवीच्या उघड्या तोंडातून पाहिला. त्यांनी चाकीकडे बघितलेच नव्हते. ते त्यांना त्याच क्षणी आठवले.

"हो. फिरत होती," ते म्हणाले.

"मग बरं," वहिनी म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटले. त्या आठवड्यात त्या गेल्या.

तो रोल माझ्या पोटात वर्षभर राहिला. लोकांना वाटे, बायकोची शेवटची आठवण आहे, उघडवत नसेल. मुलीलाही तसेच वाटले. मला मात्र ठाऊक होते की ते दुःख नव्हते, ती भीती होती. चाकीला बोटाने जरा उलटे फिरवले की आत फिल्म ताणलेली आहे की सैल आहे हे लगेच कळते. क्षणाचे काम. मालक मला कपाटातून काढत, मांडीवर घेत, चाकीवर बोट ठेवत आणि न फिरवताच काढून घेत. रोज. ते एकदा फिरवते तर त्यांची सुटका झाली असती, असे मी म्हणणार नाही. कसली सुटका? पण ते न फिरवता जगणेही मी पाहिले आहे.

घरात वहिनींचा म्हणावा असा फोटो नव्हता. लग्नातला एक होता, त्यात त्या चाळीस नातेवाइकांच्या मागे अर्ध्या झाकलेल्या. दुसरा ओळखपत्राचा, मालकांनीच दुकानात काढलेला. हनुवटी खाली, डोळे उघडे. तोच मोठा करून त्यांनी भिंतीवर लावला. मोठा केल्यावर त्याचे दाणे दाणे झाले.

"बाबा, ही आई नाहीये," मुलगी एक दिवस म्हणाली. "आई अशी कधी गप्प बसायची का? तो रोल धुवा ना आता. पुरे झालं."

"बघू."

"बघू नाही. मी आज थांबलेय. मला आईला हसताना बघायचंय."

मालकांनी मला घेतले. खालचे बटण दाबले, चाकीची दांडी उघडली आणि गुंडाळायला सुरुवात केली. भरलेला रोल गुंडाळताना चाकी जड लागते आणि तीसेक फेऱ्या घ्याव्या लागतात. दोनच फेऱ्यांत ती हलकी झाली, टोक डबीत गेले आणि पुढे नुसती मोकळी फिरू लागली. मुलगी समोर उभी राहून बघत होती. आणि मित्रांनो, ते फिरवत राहिले. तीन, चार, दहा, वीस. मोकळी चाकी ते तीस वेळा फिरवत राहिले, जणू आत खरेच काही गुंडाळले जात होते. मग डबी मुठीत घेऊन ते अंधाऱ्या खोलीत गेले आणि ती त्यांनी धुतली. सगळे माहीत असून सावकाश, नीट, औषधे मापून धुतली.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात लांब, ओली, स्वच्छ पट्टी होती. मुलीने ती खिडकीशी धरली. तिच्यातून समोरचा रस्ता दिसला, चपला दुरुस्त करणारा दिसला. दुसरे काही नव्हते.

"म्हणजे? एकही नाही?"

"नाही."

"का पण?"

मालकांनी माझ्याकडे बघितले. "कॅमेरा बिघडला होता," ते म्हणाले.

मी बिघडलो नव्हतो! कारखान्यातल्या त्या बाईने मला दोनदा ऐकले होते. बावीस वर्षे उन्हात, थंडीत, वाऱ्यात माझा खटका कधी अडखळला नव्हता. असा राग मला आयुष्यात आला नाही. मुलीने मला उचलले, क्षणभर वाटले आता आपटणार, पण तिने मला कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणात, जुन्या औषधांच्या बाटल्यांमागे ढकलले आणि दार लावले.

तिथे मी अकरा वर्षे होतो. माझ्या भिंगावर बुरशी चढली. कातडी पट्टा कडक होऊन तुटला. वरच्या खणात मुलगी जुन्या निगेटिव्ह चाळताना ऐकू येई. बावीस वर्षांच्या सगळ्या पट्ट्या तिने आईसाठी एकेक करून उजेडात धरल्या. तळे, डोंगर, तळे, डोंगर. एका पट्टीत तिला खाली कोपऱ्यात गवतावर पडलेली एक सावली सापडली. तिपाईची सावली आणि तिच्याकडे वाकलेली एक बाई. मालकांनी छापताना तो कोपरा कापून टाकला होता. मुलीने पूर्ण छापला. "चेहरा नाही गं यात," मालक तो कागद हातात घेऊन म्हणाले. चेहरा नव्हताच.

मालकांनी दुकान बंद केले. अलीकडे मुलगी त्यांना आपल्या घरी घेऊन गेली. कपाट रिकामे करताना तिला मी सापडलो. फेकून देईल असे मला वाटले होते. ती मला एका दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेली, कदाचित नेमके काय बिघडले होते ते एकदाचे समजावे म्हणून. काकांनी मला उघडले, पुसले, जुना रोल घालून पाहिला. मग मला कानाशी धरून खटका ऐकला. कितीतरी वर्षांनी कुणीतरी मला ऐकले.

"बुरशी सोडली तर याला काही झालेलं नाही," ते म्हणाले. "ठणठणीत आहे. पूर्वीही काही बिघडल्याची खूण नाही."

"पण याचा एक रोल कोरा निघाला होता."

"मग फिल्म धरली नसेल. चाकी बघायची राहिली असेल कुणाची तरी."

घरी येऊन तिने मला मालकांच्या पुढे टेबलावर ठेवले. तिच्या आवाजात राग नव्हता. "बाबा, त्या दिवशी चाकी कुणी बघितली होती?"

मालक खूप वेळ माझ्या डोक्यावरून बोट फिरवत राहिले.

"बघायला तीच असायची गं," ते म्हणाले. "ती तर समोर बसली होती."

मुलगी त्यांच्याजवळ बसली. माझ्यावरचा आळ त्या दुपारी गेला. मला त्याचा काडीचाही आनंद झाला नाही. जन्मभर मीच बिघडलेला राहिलो असतो तर बरे झाले असते.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूने "मला टाकू नका, मला जपा" असे म्हणायचे असते. मी म्हणणार नाही. मला जपून काय होणार? माझे भिंग पुसता येते, पट्टा नवा लावता येतो. ते एकतीस मात्र कुठल्याही दुकानात पुन्हा मिळत नाहीत. तुमच्याकडे एक मागणे आहे, तेवढे ऐका. तुमच्या घरात असे कुणीतरी असेल की जिला तुम्ही रोज म्हणता, जरा बाजूला हो, मध्ये येतेस. तिला आजच म्हणा, तिथेच थांब. उद्या उजेड बरा असेल म्हणून थांबू नका. आणि ती समोर जाऊन बसली की तिची डावीकडची जागा मोकळी झाली, हे लक्षात असू द्या. तिथे जे काम ती गुपचूप करत होती, ते आता तुम्हाला करायचे आहे.

मी सध्या मालकांच्या खिडकीत असतो. त्यांना आता नीट दिसत नाही आणि माझ्यात रोलही नाही. तरी सकाळी चहा झाला की ते मला मांडीवर घेतात आणि लिव्हर ओढतात. ओढून झाली की जरा डावीकडे मान कलती करून थांबतात. तिकडून काही ऐकू येत नाही. मग ते पुन्हा लिव्हर ओढतात.